व्हीपीएन आणि बदलत्या आयपी पत्त्याचे गौडबंगाल

परभणी (प्रतिनिधी) - वसमत रस्त्यावरील घरात बसून संगणकावर व्हीपीएन सुरू करावे आणि आयपी पत्ता दाखविणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला आपला ठावठिकाणा विचारावा. उत्तर येते, सिंगापूर. व्हीपीएन बंद करून पुन्हा सुरू केले, की सिंगापूर कायम राहते. पण आकडे मात्र निराळेच दिसतात. तिसऱ्या खेपेस आणखी निराळे. हा सारा खेळ थांबवून व्हीपीएन पूर्णपणे बंद केले तर निदान आता तरी पडद्यावर परभणीचे नाव उमटेल, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. तीही बहुधा फोल ठरते. तेथे दिसते मुंबई, नाही तर पुणे. प्रस्तुत प्रतिनिधीने कार्यालयातील जोडणीवर हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा दिवसभरात परभणीचे दर्शन एकदाही घडले नाही.

पुण्या-मुंबईच्या कंपनीची नोकरी परभणी, सेलू, गंगाखेड येथील घरातून करणाऱ्यांची संख्या करोनाकाळानंतर वाढली आणि त्यांच्याबरोबर व्हीपीएन हा शब्दही घराघरांत पोहोचला. आयपी पत्ता वारंवार बदलल्याने बँकेचे संकेतस्थळ पुन:पुन्हा ओळख विचारते, ही त्यांची नित्याची तक्रार. दुसरीकडे, पत्ता बदलतो म्हणजे आपल्याला कोणीच शोधू शकत नाही, असा समज करून घेणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. आयपी पत्ता नेमका कोणाचा असतो? संगणकाचा, घराचा, की माणसाचा? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्राने २००७ मध्येच पाहिले आहे.

येरवड्यातील पन्नास दिवस

३१ ऑगस्ट २००७ रोजी पुणे पोलिसांनी बंगळूर येथील एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. तेव्हा तरुणाईने डोक्यावर घेतलेल्या ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान करणारा मजकूर टाकल्याचा त्याच्यावर आरोप होता. ऑर्कुट हे गुगलच्या मालकीचे. मजकूर कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, ते गुगलकडून कळले. तो पत्ता भारती एअरटेल या कंपनीच्या ताब्यातील होता. त्या वेळी तो कोणत्या ग्राहकाकडे होता, अशी विचारणा झाली आणि कंपनीने दिलेल्या माहितीत या अभियंत्याचे नाव निघाले.

ते नाव चुकीचे होते. त्या पत्त्याशी, त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. परंतु हे उघड होऊन तो बाहेर येईपर्यंत सुमारे ५० दिवस त्याने येरवडा कारागृहात काढले होते. पुढे कंपनीने आपली चूक मान्य केली आणि नुकसानभरपाईचे प्रकरण दीर्घकाळ चालले.

या प्रकरणात व्हीपीएन कोठेही नव्हते. कोणी पत्ता लपविला नव्हता, की कोणी तो बदलला नव्हता. सर्वसाधारण जोडणीवरील सर्वसाधारण पत्ता आणि त्याच्यापुढे लिहिलेले एक चुकीचे नाव, एवढ्यावर एका निरपराध माणसाचे आयुष्य विस्कटले. म्हणूनच व्हीपीएनकडे वळण्यापूर्वी मुळात पत्ता का बदलतो, हे पाहणे इष्ट.

आसन क्रमांक सतरा

आयपी पत्ता म्हणजे टिंबांनी विलग केलेले चार आकडे. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होऊ शकतात. ही पद्धत आखली गेली तेव्हा हा आकडा अफाट वाटला होता. प्रत्यक्षात जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाच्या वाट्याचा साठाही जवळजवळ आटला आणि तेथून पुढे पत्ते मोजूनमापून देण्याची वेळ आली. भारतात ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर इंटरनेटचे ९५ कोटींहून अधिक ग्राहक होते. जगाचा शिधा संपल्यावर जेवायला बसलेल्या पंगतीसारखी ही अवस्था म्हणावी लागेल.

त्यामुळे इंटरनेट कंपनी आपल्याला पत्ता देत नाही. तो वापरायला देते. एस.टी.च्या रातराणीतील आसन क्रमांकासारखे हे आहे. परभणीहून पुण्याला जाताना आज सतरा क्रमांकाच्या आसनावर आपण बसलो, म्हणून ते आसन आपले होत नाही. उद्या तेथे दुसराच प्रवासी असेल. सतरा क्रमांकाच्या प्रवाशाने खिडकीची काच फोडली, एवढ्या माहितीवरून कोणाला पकडायचे? तारीख हवी, सुटण्याची वेळ हवी, गाडी कोणती ते हवे. आयपी पत्त्याचेही तेच. वीज गेली, राउटर बंद पडला, पुन्हा सुरू झाला, की कंपनीच्या यंत्रणेने नवा पत्ता दिलेला असू शकतो. ज्या भागात वीज दिवसातून दोनदा जाते, तेथे व्हीपीएन न घेताच बदलत्या पत्त्याचा ‘लाभ’ होतो, असे म्हणायला हरकत नाही.

वेळेचा गोंधळ येथेच होतो. परदेशी कंपन्यांच्या नोंदी पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत ठेवलेल्या असतात आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. नोंदीत सायंकाळचे सहा वाजले असतील, तर आपल्याकडे ती घटना रात्री साडेअकराची. कोणी ते सहा आपलेच सहा समजून ग्राहकाचे नाव काढले, तर नाव निघेलच. फक्त ते दुसऱ्याचे असेल. यंत्र अशा वेळी ‘मला माहीत नाही’ असे म्हणत नाही, ही खरी गोम आहे.

मोबाईलवर तर प्रकरण याहून गुंतागुंतीचे. पत्ते कमी पडल्याने कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहकांना बसवितात. जुन्या वाड्याला घर क्रमांक एकच, दरवाजाही एकच आणि आत बिऱ्हाडे मात्र वीस-पंचवीस, तसा हा प्रकार. बाहेरून आलेल्या पोस्टमनला वाडा सापडतो, बिऱ्हाड सापडायला आणखी एक खूण लागते. इंटरनेटच्या भाषेत त्या खुणेला पोर्ट क्रमांक म्हणतात. एका पत्त्यावर असे ६५ हजार ५३६ क्रमांक असतात. कंपनी ते ग्राहकांत वाटते आणि कोणता क्रमांक कोणत्या क्षणी कोणाकडे होता, याची नोंद ठेवते. तक्रार करणाऱ्या संकेतस्थळाने पोर्ट क्रमांकच टिपला नसेल, तर वाड्यातील सगळीच बिऱ्हाडे संशयित ठरतात. युरोपातील पोलिसांची मध्यवर्ती संस्था असलेल्या युरोपोलने ऑक्टोबर २०१७ मध्ये याच कारणास्तव ही पद्धत बंद करण्याची मागणी केली होती.

परभणीऐवजी मुंबई का दिसते, याचाही उलगडा येथेच होतो. वाड्याचा दरवाजा, म्हणजे कंपनीची जी यंत्रणा आपल्याला बाहेरच्या जगाशी जोडते ती, मुंबईत किंवा पुण्यात असते. गाव ओळखणाऱ्या यादीत त्या दरवाजाची नोंद असते, आपल्या घराची नव्हे. आयपीची सहावी आवृत्ती आल्याने पत्त्यांचा तुटवडा मिटला आणि ती वापरण्यात भारत जगात आघाडीवर आहे. तथापि जुन्या आवृत्तीवर चालणारी संकेतस्थळे अद्याप पुष्कळ असल्याने वाड्यातील गर्दी कमी झालेली नाही.

टपाल दुसऱ्या गावातून

आता व्हीपीएन. समजा, आपल्याला एखादे पत्र पाठवायचे आहे, पण त्यावर परभणीचा शिक्का नको. मग ते पत्र दुसऱ्या पाकिटात घालून पुण्याच्या मेहुण्याकडे पाठवायचे. मेहुणा वरचे पाकीट फाडतो आणि आतले पत्र पुण्याच्या पेटीत टाकतो. पत्र घेणाऱ्याला पुण्याचा शिक्का दिसतो. परभणीच्या पोस्टमनला एवढेच कळते, की हा गृहस्थ मेहुण्याला फार पत्रे लिहितो. आत काय आहे, पुढे कोणाला जाते, याचा त्याला पत्ता नसतो. व्हीपीएनचे काम हुबेहूब असे चालते. आपला संगणक आणि व्हीपीएन कंपनीचा सर्व्हर यांच्यामध्ये कूटबद्ध मार्ग तयार होतो. आपली इंटरनेट कंपनी हे वरचे पाकीट पाहते आणि संकेतस्थळाला व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

हा दुसरा पत्ता का बदलतो, याचे कारण मेहुण्याच्या घरी आहे. व्हीपीएन कंपनीकडे प्रत्येक शहरात पुष्कळ सर्व्हर आणि पत्त्यांचा मोठा साठा असतो. आपण जोडणी करतो तेव्हा त्या क्षणी ज्या सर्व्हरवर गर्दी कमी, त्यावर आपली रवानगी होते. पुढच्या वेळी तो भरलेला असेल, तर दुसरा. काही कंपन्या ठराविक मिनिटांनी मुद्दाम पत्ता बदलून देण्याची सोय करतात. उलट, ज्यांना बँकेच्या किंवा कार्यालयाच्या कामासाठी न बदलणारा पत्ता हवा असतो, त्यांना तो जादा पैसे मोजून घेता येतो. कार्यालयाने दिलेल्या व्हीपीएनचा पत्ता सहसा फारसा बदलत नाही, कारण ते कंपनीच्याच सर्व्हरवर नेऊन सोडते. तेथे गुप्ततेचा प्रश्न उद्भवत नाही. आपण त्या मार्गाने काय करतो, हे कंपनीला कळू शकते आणि ते कळावे अशीच तिची रचना असते.

बँकेची कुरकूर समजण्यासारखी आहे. सकाळी पुणे, दुपारी सिंगापूर, सायंकाळी जर्मनी असा प्रवास करणारा खातेदार तिला संशयास्पद वाटणारच. शिवाय व्हीपीएनचा एकच पत्ता एकाच वेळी शेकडो अनोळखी लोक वापरत असतात. त्यांच्यापैकी कोणी आगळीक केली, की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि ‘आपण यंत्रमानव नाही ना’ या प्रश्नाचे चौकोन सोडवीत बसण्याची शिक्षा इतरांना भोगावी लागते. बँकेचे व्यवहार करताना खासगी व्हीपीएन बंद ठेवणे, हा यावरचा सरळ उपाय. बँकेशी होणारी देवाणघेवाण तशीही कूटबद्धच असते.

पत्ता बदलल्याने जे लपते असे वाटते, ते लपत नाही, हा दुसरा भाग. आपण ज्या ब्राउझरमधून आपल्या नावाने ई-मेल उघडली आहे, त्याच ब्राउझरमधून दहा वेळा पत्ता बदलला तरी गुगलच्या दृष्टीने आपण तेच राहतो. संकेतस्थळांनी आपल्या संगणकावर ठेवलेल्या कुकीज, पडद्याचा आकार, बसविलेले फॉन्ट, भाषा अशा पन्नास खुणांवरून ओळख पटते. वेष बदलला, पण छातीवरची नावाची पट्टी काढायला विसरलो, अशातला हा प्रकार.

शिवाय जोडणी तुटते तेव्हाची फट असतेच. व्हीपीएन सर्व्हर बदलताना किंवा फोन वाय-फायवरून मोबाईल डेटावर जाताना काही क्षण कूटबद्ध मार्ग बंद पडतो आणि त्या क्षणांत संगणक मुकाट्याने मूळ पत्त्यावरून माहिती पाठवू लागतो. हे टाळण्यासाठी बहुतेक चांगल्या व्हीपीएनमध्ये ‘किल स्विच’ असतो. मार्ग तुटला, की तो इंटरनेटच बंद करतो. पुष्कळ ठिकाणी तो आपणहून सुरू करावा लागतो. काही व्हीपीएन केवळ जुन्या आवृत्तीचा पत्ता झाकतात आणि सहाव्या आवृत्तीचा पत्ता उघडा राहतो. आपल्या मोबाईल जोडण्यांवर ही आवृत्ती सर्रास वापरली जात असल्याने ही गळती आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायला हवी. व्हीपीएन सुरू करून आयपी पत्ता दाखविणाऱ्या संकेतस्थळावर दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते पाहिले, की ती पकडता येते.

मेहुण्याची वही

इंटरनेट कंपनीला आपण काय पाहतो ते कळू नये म्हणून व्हीपीएन घेतले, की ते कळण्याची जागा बदलते. पोस्टमनला जे कळत होते ते आता मेहुण्याला कळते. प्रश्न उरतो तो मेहुणा वही ठेवतो का, हा. ‘आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही’ असे जवळजवळ प्रत्येक व्हीपीएन कंपनी सांगते. जुलै २०२० मध्ये हाँगकाँगस्थित यूएफओ व्हीपीएन या मोफत सेवेच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. त्यांत ग्राहकांचे पासवर्ड आणि आयपी पत्तेही होते. नोंद न ठेवण्याची ग्वाही याही कंपनीने दिलेली होती. त्यापूर्वी, २०११ मध्ये सोनी पिक्चर्सच्या संगणकांत घुसखोरी करणाऱ्या टोळीतील एका अमेरिकी तरुणाचा माग लागला, तो ब्रिटनमधील हाइड माय अ‍ॅस या व्हीपीएन कंपनीने न्यायालयाच्या आदेशानंतर दिलेल्या नोंदींवरून.

भारतात हा मुद्दा २०२२ मध्ये ऐरणीवर आला. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू या नोंदी किमान पाच वर्षे ठेवण्यास सांगितले. कर्मचाऱ्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या कार्यालयीन व्हीपीएनला त्यातून वगळल्याचा खुलासा पुढे करण्यात आला. व्हीपीएन कंपन्यांसाठी अंमलबजावणीची मुदत वाढवून २५ सप्टेंबर २०२२ करण्यात आली. त्याआधीच एक्स्प्रेस व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड व्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. एक्स्प्रेस व्हीपीएनने भारतीय पत्ता देण्याची सोय मात्र सिंगापूर आणि ब्रिटनमधील सर्व्हरवरून चालू ठेवली. म्हणजे परभणीत बसून व्हीपीएनमध्ये ‘भारत’ निवडले तरी टपाल समुद्र ओलांडून सिंगापूरला जाते आणि भारताचा शिक्का घेऊन परत येते. वेग का मंदावतो, याचे एक कारण हेही.

याच निर्देशांतील एका कलमाची चर्चा फारशी झाली नाही. सर्व सेवादात्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून घ्यावीत, असे ते कलम सांगते. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. पण आसन क्रमांकाबरोबर वेळ अचूक नसेल, तर नोंदवहीतून भलत्याचेच नाव निघू शकते. नोंदींच्या पाच वर्षांपेक्षा हे कलम सामान्य ग्राहकाच्या अधिक उपयोगाचे आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

व्हीपीएन वापरणे हा भारतात गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत प्रशासनाने त्यावर वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली, तो अपवाद. व्हीपीएनआडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

आपलाच पत्ता भाड्याने

सर्वाधिक सावध राहायचे ते मोफत व्हीपीएनबाबत. सर्व्हरचे भाडे, पत्त्यांची किंमत हा खर्च कोणी तरी सोसत असतोच. २०१५ मध्ये होला या लोकप्रिय मोफत सेवेविषयी उघड झाले, की ती आपल्या ग्राहकांच्याच जोडण्या इतरांना वापरू देत होती आणि तिचीच दुसरी शाखा ती क्षमता पैसे घेऊन विकत होती. आपण दुसऱ्याचा पत्ता घ्यायला गेलो आणि आपला पत्ता तिसऱ्याच्या हाती देऊन बसलो, असा हा व्यवहार.

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे उद्ध्वस्त केल्याचे जाहीर केले, तेव्हा या धंद्याचा आवाका समजला. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, पॅलाडिन व्हीपीएन, प्रॉक्सीगेट, शील्ड व्हीपीएन आणि शाइन व्हीपीएन या मोफत कार्यक्रमांतून लोकांच्या विंडोज संगणकांत छुपा दरवाजा बसविण्यात आला होता. जवळजवळ २०० देशांतील १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते त्यातून या टोळीच्या हाती लागले आणि ते गुन्हेगारांना भाड्याने दिले गेले. त्यांवरून आर्थिक फसवणुकीपासून बॉम्बच्या धमक्यांपर्यंत सारे काही झाले. प्रत्येक वेळी मागे उमटणारा पत्ता होता तो घरात निवांत बसलेल्या एखाद्या कुटुंबाचा.

महाराष्ट्राला हाही अनुभव नवा नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे एका अमेरिकी नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचला होता. त्याच्या वाय-फायला पासवर्ड नव्हता आणि दहशतवाद्यांनी बाहेरून ते वापरले होते. त्यानंतर पासवर्ड नसलेली वाय-फाय शोधण्याची मोहीम मुंबई पोलिसांनी २००९ मध्ये हाती घेतली. मोफत व्हीपीएनने उघडलेला दरवाजा रस्त्यावरून फिरणाऱ्या पोलिसाला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

‘९११ एस५’मधील वरील सहा नावांपैकी एखादा कार्यक्रम घरच्या संगणकावर कधी बसविला होता का, हे स्थापित कार्यक्रमांच्या यादीत पाहावे. यादीत नाव दिसले नाही, तरी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ते चालू आहे का, तेही तपासावे. ते ओळखून काढून टाकण्याची कृती अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने आपल्या संकेतस्थळावर पायरीपायरीने दिलेली आहे.